छपरावरचे पॅनेल आणि परचेसचा रकाना : एका उद्योगसमूहाच्या कार्बनकपातीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाहनांचे सुटे भाग बनवणारा हा समूह. पाच कारखाने: दोन चाकणच्या पट्ट्यात, एक वाळूजला, एक नाशिकला आणि कोल्हापूर जिल्ह्यात बिडाची फाउंड्री. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ग्राहक देशातले आणि युरोपातलेही. मी बाहेरचा ऊर्जा सल्लागार म्हणून जवळपास तीन वर्षं या कामात होतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे.

सुरुवात २०२२ मध्ये एका पत्राने झाली. युरोपातल्या एका मोठ्या ग्राहकाने विचारलं होतं, की तुमच्या प्रत्येक भागामागे किती कार्बन निघतो आणि तो कमी करण्याचा तुमचा आराखडा काय. पत्र आधी मार्केटिंगकडे आलं. तिथून ते कंपनी सेक्रेटरीकडे गेलं, कारण सेबीचा बीआरएसआर अहवाल (कंपनीची पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारी सांगणारा) २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा होत होता आणि ते काम त्यांच्या गळ्यात होतं. सेक्रेटरींनी ते सेफ्टीकडे पाठवलं, सेफ्टीने मेंटेनन्सकडे. या प्रवासात सव्वा महिना गेला. परचेसकडे ते पत्र गेलंच नाही, आणि त्या वेळी हे कुणाला खटकलंही नाही. मलाही नाही.

अध्यक्षांना वार्षिक सभेत घोषणा करायची होती: २०४० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “किती झाडं लावावी लागतील?” मी कागदावर हिशेब मांडला. फक्त विजेचंच उत्सर्जन धरलं तर ते ऐंशी हजार टनांच्या घरात जात होतं. एक वाढलेलं झाड वर्षाला २० किलो शोषतं असं उदारपणे धरलं, तरी चाळीस लाख झाडं हवीत, तीही जगलेली. सगळ्या कारखान्यांची जागा एकत्र केली तरी मावणार नाहीत. झाडांचा विषय तिथेच मिटला. वृक्षारोपणाचा फोटो मात्र अहवालात आलाच.

अडचण कुठे होती

आधी मोजायला हवं होतं. उत्सर्जनाचे तीन वाटे करतात. स्कोप १ म्हणजे आपल्याच आवारात जळणारं इंधन आणि गळणारे वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्याने केलेलं उत्सर्जन: विकत घेतलेला माल, वाहतूक वगैरे.

विजेचं सोपं होतं, बिलं हातात होती. वर्षाला ११ कोटी युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने २०२२-२३ मध्ये देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे ०.७१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघत होता, म्हणजे सुमारे ७९,००० टन. फर्नेस ऑइल, एलपीजी, डिझेल मिळून स्कोप १ चे १७,००० टन.

पहिला धक्का मिळाला वाळूजच्या स्टोअरमध्ये. पेंटशॉपच्या चिलरमध्ये आर-२२ गॅस भरायचा असतो. रजिस्टर उलटलं तर दर दोन महिन्यांनी सिलिंडर निघालेला. वर्षाची बेरीज १४० किलो. चिलर बंद डबा असतो, त्यातला गॅस ‘संपत’ नाही. जेवढा भरला तेवढा गळला होता. आर-२२ चा एक किलो हवेला १,७६० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, म्हणजे हे झाले २४६ टन. नव्वद हजार लिटर डिझेल जाळल्यावर निघेल एवढं. त्या कारखान्याचे जनरेटर वर्षभरात याच्या निम्मंही डिझेल पीत नव्हते, पण जनरेटरच्या डिझेलला तीन सह्या लागायच्या आणि गॅसच्या सिलिंडरला एक चिठ्ठी. (आर-२२ हा ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारातला वायू असल्याने तो स्कोपच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळ्या ओळीत दाखवतात. हवेला त्या ओळीशी काही देणंघेणं नाही.)

स्कोप ३ मोजताना बाकी सगळं लहान वाटायला लागलं. भारतात कोळशाच्या विजेवर बनणाऱ्या नव्या ॲल्युमिनियमच्या एका टनामागे पंधरा टनांहून जास्त कार्बन जातो. भंगार वितळवून बनवलेल्यामागे त्याचा अगदी छोटा अंश. खनिजापासून बनवलेल्या पोलादामागे दोन-अडीच टन. परचेसच्या याद्या घेऊन बसलो आणि बेरीज आली तीन लाख टनांची. म्हणजे चार लाखांतले तीन लाख टन कंपनीच्या कुंपणाबाहेर निघत होते, आणि ज्या खात्याच्या सहीने निघत होते त्या खात्याला आम्ही बैठकीला बोलावलंच नव्हतं.

पहिला निर्णय: पाया वर्ष कोणतं

कपात कशाच्या तुलनेत मोजायची हा प्रश्न कारकुनी वाटतो, पण भांडण इथेच झालं. फायनान्सचं म्हणणं २०१८-१९ धरा, तेव्हा उत्पादन भरपूर होतं आणि यंत्रं जुनी, म्हणजे काही न करता दहा-बारा टक्के कपात दिसेल. २०२०-२१ हे कोविडचं वर्ष कुणालाच नको होतं, कारण त्याच्या तुलनेत पुढचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसलं असतं. मी २०२२-२३ चा आग्रह धरला: उत्पादन सुरळीत झालेलं आणि पाचही कारखान्यांची कागदपत्रं सापडणारं पहिलं वर्ष. शेवटी तेच ठरलं. फायनान्सच्या प्रमुखांनी नंतर चहाला बोलावून सांगितलं, “तुम्ही आमचा फुकटचा फायदा घालवलात.”

लक्ष्य एकूण टनांत ठेवायचं की तयार मालाच्या टनामागे, हा वाद त्याहून लांबला. कंपनी वाढत होती. सायन्स बेस्ड टार्गेट्स या, कंपन्यांची कपातीची लक्ष्यं तपासणाऱ्या जागतिक उपक्रमाच्या चौकटीत स्कोप १ आणि २ साठी दर वर्षी पाया वर्षाच्या ४.२ टक्के घट एकूण टनांत लागते. उत्पादन वाढलं ही सबब तिथे चालत नाही. शिवाय एकूणात स्कोप ३ चा वाटा ४० टक्क्यांच्या वर असेल तर त्याचंही लक्ष्य जाहीर करावं लागतं, आणि इथे तो ७५ टक्के होता. संचालक मंडळाने स्कोप १ व २ चं एकूण टनांतलं लक्ष्य मान्य केलं आणि स्कोप ३ साठी ‘अभ्यास चालू आहे’ असं लिहिलं. अध्यक्षांच्या भाषणातून २०४० गळलं. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात प्रामाणिक निर्णय तोच होता.

समोरचे पर्याय

कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीचं प्रमाणपत्र, विकत घेणं सगळ्यात सोपं. पण ग्राहकाने पत्रातच लिहिलं होतं की भागाच्या हिशेबात क्रेडिटची वजाबाकी चालणार नाही. विषय संपला.

छपरावर सोलर? सगळी छपरं मोजली तर जेमतेम ४ मेगावॉट बसत होते, म्हणजे वर्षाला ५५-५६ लाख युनिट, गरजेच्या पाच टक्के. फाउंड्रीच्या छपरावर तर काळी धूळ इतकी बसते की आठवड्यात पॅनेल आंधळे होतील, आणि निम्मे पत्रे सिमेंटचे, त्यांच्यावर माणूस चढवणंही धोक्याचं. छपराचं सोलर करायचं ठरलं, पण त्याच्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवली नाही.

मोठा पर्याय होता ग्रुप कॅप्टिव्हचा. सोलापूर-धाराशिवच्या बाजूला विकसक प्रकल्प उभारतो, आपण त्याच्या कंपनीत किमान २६ टक्के भांडवल घालतो आणि तिथली किमान ५१ टक्के वीज वापरतो. २००५ च्या वीज नियमांप्रमाणे मग ती आपली स्वतःची वीज ठरते आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी उद्योगांकडून घेतला जाणारा) वाचतो. ३० मेगावॉटचा प्रस्ताव आला, वर्षाला सव्वापाच कोटी युनिटांचा. दर महावितरणच्या बिलापेक्षा बराच कमी. फायनान्सला पहिल्यांदाच या विषयात रस वाटला.

उरली कार्यक्षमता, म्हणजे आहे तेच काम कमी विजेत करणं. तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. आणि मालाचा प्रश्न, ज्याला त्या वर्षी कुणी हात लावला नाही.

काय केलं

रविवारपासून सुरुवात केली. चाकणचा मशीनशॉप बंद, एकही मशीन चालू नाही, आणि कंप्रेसर रूममधून आवाज येतोय. मेंटेनन्सच्या फोरमनला बरोबर घेऊन घड्याळ लावलं. कंप्रेसर ७० सेकंद लोड घ्यायचा, १३० सेकंद मोकळा फिरायचा, पुन्हा ७० सेकंद लोड. सत्तरला दोनशेने भागा: ३५ टक्के. कारखान्यात कोणी हवा वापरत नसताना कंप्रेसरची पस्तीस टक्के क्षमता नुसती गळती भरत होती. साबणाचं पाणी घेऊन आम्ही लाइनीवरून फिरलो. क्विक कपलर, फुगलेले नळ, एके ठिकाणी तर फाटलेल्या पाइपवर चिंधी गुंडाळून ठेवलेली. ७ बारच्या लाइनीत ३ मिलिमीटरचं एक भोक तीन-चार किलोवॉट खातं, तेही चोवीस तास.

प्रेशर साडेसात बार ठेवलं होतं. मी म्हटलं, सव्वासहा करू. फोरमन म्हणाला, “साहेब, मागे एकदा केलं होतं. शेवटच्या लाइनीचं फिक्स्चर ट्रिप मारतं, मग प्रॉडक्शनवाले आमच्या नावाने शंख करतात.” त्याचं खरं होतं. सबंध शॉपचं प्रेशर शेवटच्या कोपऱ्यातल्या एका क्लॅम्पसाठी चढवलेलं होतं. त्या क्लॅम्पजवळ छोटी टाकी आणि बूस्टर बसवला आणि बाकी शॉप सव्वासहावर आणला. एका बारला साधारण सात टक्के वीज वाचते. हा उपाय फोरमनला चार वर्षांपासून माहीत होता. त्याला विचारलं कुणी नव्हतं.

पेंटशॉपमध्ये भाग धुण्याच्या टाक्या ५५ अंशांवर उघड्या वाफाळत असायच्या. त्यांवर झाकणं आली, नंतर बॉयलर काढून हीट पंप बसवला. ब्लोअरना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा बदलणारी उपकरणं, लावली. पंख्याचा वेग वीस टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी लागते. ॲल्युमिनियम वितळवण्याच्या भट्ट्या फर्नेस ऑइलवरून पाइपच्या गॅसवर गेल्या आणि तेवढ्याच उष्णतेमागचा कार्बन साधारण सत्तावीस टक्क्यांनी उतरला. गॅसबद्दल मी साशंक होतो आणि आहे: नवा बर्नर बसवला की पुढची पंधरा वर्षं त्याला कुणी हात लावत नाही.

फाउंड्रीत सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वसूलही झाला. इंडक्शन भट्टीत धातू तयार झाला की नमुना लॅबला जातो; रिपोर्ट येईपर्यंत भट्टी झाकण उघडं ठेवून थांबते आणि वितळलेलं बीड उष्णता ओकत राहतं. रिपोर्टला पंधरा मिनिटं लागायची, त्यातली दहा नमुना घेऊन आवारातून चालत जाण्यात. नमुना तपासणारा स्पेक्ट्रोमीटर भट्टीशेजारच्या खोलीत हलवला. पण खरी कमाई रिजेक्शनमध्ये निघाली. सात टक्के कास्टिंग नाकारलं जायचं. नाकारलेला भाग पुन्हा वितळवायचा, म्हणजे वीज दोनदा, वाळू दोनदा, मजुरी दोनदा. क्वालिटीच्या मुलीने, वय असेल सव्वीस-सत्तावीस, वाळूतला ओलावा आणि ओतण्याचं तापमान यांचा तक्ता दर पाळीला भिंतीवर लावायला सुरुवात केली. दीड वर्षात रिजेक्शन पाच टक्क्यांवर आलं. वर्षाला ५०,००० टन कास्टिंगवर दोन टक्के म्हणजे हजार टन, आणि सुमारे १० लाख युनिट. तिच्या खात्याच्या उद्दिष्टांत ‘कार्बन’ हा शब्दही नव्हता.

दुसरा निर्णय, आणि आमची चूक

ग्रुप कॅप्टिव्हच्या करारावर सही झाली ती मार्च २०२३ मध्ये, वर सांगितलेली कामं सुरू होण्याआधी. क्षमता ठरवली ११ कोटी युनिटांवर. फायनान्सला घाई होती, दर वाढतील अशी भीती होती. त्या बैठकीत मी होतो. आधी वापर कमी करा, मग उरलेल्यासाठी सोलर घ्या, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण सगळे खूश होते आणि मी गप्प बसलो.

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. फाउंड्री रात्री वितळवत होती. महावितरणच्या तेव्हाच्या दरात रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत होती, म्हणून वर्षानुवर्षं सगळं वेळापत्रक रात्रीभोवती बांधलेलं. आणि सोलरची वीज येते दिवसा. प्रकल्प सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत दुपारी वीज वर आली आणि फाउंड्री झोपलेली. जास्तीची वीज ग्रिडकडे जमा ठेवता येते (याला बँकिंग म्हणतात), पण तो हिशेब महिन्याच्या महिन्याला मिटतो. रविवारच्या आणि सणांच्या युनिटांचं बरंचसं पाणी झालं.

मग वितळवण्याची एक पाळी दिवसा आणायची ठरली. हे काम इंजिनिअरिंगचं नव्हतंच. भट्टीसमोर एप्रिलच्या दुपारी उभं राहायचं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना विचारावं. युनियनशी तीन बैठका झाल्या. शेवटी भट्टीच्या मजल्यावर थंड हवेचे झोत, दर तासाला विश्रांती आणि वेगळा भत्ता यांवर जमलं. हा खर्च करारापूर्वीच्या हिशेबात नव्हता. केंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या, दिवसाचे सौर तास स्वस्त करण्याच्या नियमांमुळे हा बदल योग्य ठरला म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली, पण तो दूरदृष्टीचा नव्हता, अडचणीतून केलेला होता.

काय निष्पन्न झालं

२०२४-२५ चे आकडे असे. उत्पादन ९ टक्के वाढलं. जुन्याच पद्धतीने चाललं असतं तर १२ कोटी युनिट लागले असते, लागले १०.४ कोटी. त्यांतले ४ कोटी सोलरचे, ६.४ कोटी ग्रिडचे. स्कोप १ सतरावरून चौदा हजार टनांवर. दोन्ही मिळून ९६,००० टनांवरून सुमारे ६०,५००, म्हणजे ३७ टक्के घट.

यात एक गंमत आहे. अहवाल करताना हाती असलेला ग्रिडचा ताजा आकडा २०२३-२४ चा होता, ०.७२७. पाया वर्षाच्या ०.७१६ पेक्षा वर. देशाची मागणी वाढली आणि कोळसा जास्त जळला, की आपण काही न करता आपले टन वाढतात. इथे ते सातशेने वाढले.

अहवालातल्या आलेखात घटीचा जवळपास सगळा खांब पिवळा आहे, सोलरचा. कार्यक्षमतेने वाचलेले १.६ कोटी युनिट त्यात दिसतच नाहीत, कारण ते उत्पादनाच्या वाढीने गिळले. ते वाचले नसते तर आणखी ११-१२ हजार टन चढले असते, आणि साडेआठ रुपयांच्या दराने साडेतेरा कोटी रुपयेही गेले असते. फोरमनचा बूस्टर आणि क्वालिटीचा तक्ता ज्या खांबात आहेत तो खांब कुणी काढलाच नाही.

आणि स्कोप ३? तीन लाखांवरून ३ लाख १० हजार. उत्पादन वाढलं, माल जास्त आला, मालाचा प्रकार बहुतेक तोच राहिला. तिन्ही स्कोपची बेरीज केली तर कंपनीची एकूण घट साडेसहा टक्क्यांच्या आत आहे. सदतीसही खरे आणि साडेसहाही खरे. मुखपृष्ठावर सदतीस छापले आहेत.

तिसरा निर्णय, अजून अर्धवट

२०२४ च्या मध्यावर परचेसच्या प्रमुखांना पहिल्यांदा समितीत घेतलं. ते सरळ बोलले: “माझं इन्क्रिमेंट किलोच्या भावावर ठरतं. तुम्ही मला टनाचा कार्बन सांगताय. दोन्हीपैकी कोणतं?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला संचालक मंडळाला पाच महिने लागले. शेवटी अंतर्गत कार्बन किंमत ठरवली: दोन कोटेशनांची तुलना करताना प्रत्येक टन कार्बनमागे ठरावीक रक्कम मनात धरून मिळवायची. हे नवं नाही. महिंद्रने २०१६ मध्येच टनामागे १० डॉलर अशी किंमत जाहीर केली होती.

डाय कास्टिंगचा एडीसी-१२ मिश्रधातू आधीच भंगारापासून येत होता. नव्या ॲल्युमिनियमची भूक होती ती लोह कमी लागणाऱ्या भागांत, कारण भंगाराबरोबर लोह येतं. त्यातल्या दोन भागांत भंगाराचं प्रमाण वाढवून चाचण्या घेतल्या, ताकद उतरली नाही. मग मंजुरीसाठी गेलो त्याच ग्राहकाकडे, ज्याच्या पत्राने हे सगळं सुरू झालं. उत्तर आलं, ड्रॉइंगवर लोहाची मर्यादा लिहिली आहे, ती बदलायची तर पूर्ण चाचणी पुन्हा. त्यांचं पर्यावरण खातं एका इमारतीत बसतं आणि डिझाइन खातं दुसऱ्या. अगदी आमच्यासारखंच.

पुन्हा करायचं तर

पहिल्या दिवशी परचेसला आणि एका डिझाइन इंजिनिअरला खोलीत बसवीन. ड्रॉइंग बदलायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, म्हणजे सगळ्यात लांबचं काम सगळ्यात आधी सुरू व्हायला हवं होतं. आम्ही ते सगळ्यात शेवटी घेतलं. सोलरचा करार दोन टप्प्यांत करीन: आधी १५ मेगावॉट, आणि वापर उतरून स्थिरावला की उरलेले. सही करण्यापूर्वी वर्षाच्या बेरजेऐवजी तासातासाचा वापर समोर ठेवीन, पाळ्यांच्या तक्त्यासकट. आणि गॅसचे बर्नर सगळीकडे बसवण्यापूर्वी एक भट्टी विजेवर चालवून बघीन.

रविवारची फेरी मात्र तशीच ठेवीन. फोरमन आता ती आम्हाला न विचारता करतो. शेवटचा आकडा ७० वरून २४ सेकंदांवर आलेला त्याने फोनवर सांगितला. वाळूजचा चिलर बदलला. आणि परचेस ऑर्डरच्या नमुन्यात एक नवा रकाना आला आहे, ‘टनामागे कार्बन’. मागच्या खेपेला मी एक गठ्ठा चाळला. ॲल्युमिनियमच्या ऑर्डरींवर तो भरलेला होता, पोलादाच्या ऑर्डरींवर कोरा.